उणे बारा

माझी एक जुनी खोड आहे. वाक्य अर्धवट सोडायचं आणि शेवटचा शब्द वर्गाकडून घ्यायचा. "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे..." म्हणून मी थांबले, की साठ पोरं छप्पर उडेल अशा आवाजात "ऐंशी" म्हणायची. बावीस वर्षं मी अशीच गणित शिकवत आले. कोण झोपलंय, कोण नुसते ओठ हलवतंय, कोणाला काही कळलेलं नाही, सगळं त्या एका शब्दात समजतं.

इथं परदेशात, नव्या शाळेत पहिल्या दिवशी मी तेच केलं. "एकशे..." म्हणाले आणि थांबले. अठ्ठावीस मुलं माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. मी भुवया उंचावल्या, हातानं 'चला, बोला' केलं. ढिम्म. शेवटी "ऐंशी" मीच म्हणाले आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

वर्गाच्या दाराशी एक पेटी असते. मुलांना काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून त्यात टाकायची, आठवड्यानं शिक्षकानंच ती उघडायची. माझ्या पेटीत पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिन्हींत एकच: बाई बोलता बोलता विसरतात, त्यांची तब्येत बरी आहे ना? मी कपाळाला हात लावला. शेजारच्या वर्गावर रसायनशास्त्र शिकवणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, मी मनातल्या मनात त्यांना रसायनकाका म्हणते. त्यांना चिठ्ठ्या दाखवल्या तर म्हणाले, "शिक्षक बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, असं इथं लहानपणापासून शिकवतात. मुलं चांगली आहेत, घाबरू नका." घाबरतंय कोण? मला राग आला होता. मुलं शांत बसतात म्हणून चिडणारी मी बहुधा पहिलीच मास्तरीण.

पण चिडून सांगते कुणाला, नोकरी कच्ची होती. तीन महिने झाले की मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, एक तास मागच्या बाकावर बसून बघणार आणि मग नोकरी पक्की झाल्याचं पत्र देणार. त्या पत्राशिवाय नवऱ्याला आणि ठकीला इथं यायचे कागद मिळणार नव्हते. ठकी आमची मुलगी, बारा वर्षांची. तिच्या शाळाप्रवेशाची यादी त्याच महिन्याच्या अखेरीला बंद होणार होती. ती हुकली की एकदम पुढचं वर्ष. घरची पक्की नोकरी सोडून मी आले होते. सासूबाई तोंडावर म्हणाल्या होत्या, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस?" त्यांना काय उत्तर देणार? तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, एवढंच म्हणाले होते.

ते तीन महिने मी एका जागी बसले नाही. खोली एवढीशी, पलंगापासून मोरीपर्यंत पाच पावलं, आणि मी आपली जातेय आणि येतेय. धुतलेला कप पुन्हा धुवायचा. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा. बसमध्ये जागा असली तरी दांडी धरून उभी, आणि दोन थांबे आधीच उतरून शाळेपर्यंत चालत. फोनवर नवरा म्हणायचा, "अगं, तुझ्या पायाला काय भिंगरी बांधलीय? बोलताना तरी एका जागी थांब, तुझा आवाज येतो आणि जातो." मागून ठकी ओरडायची की बाबांना वेणी घालता येत नाही, शाळेत सगळ्या हसतात. मग मी आणखी फेऱ्या मारायचे.

तास शुक्रवारी ठरला. आठवडाभर मी वाक्यं पूर्ण करायचा सराव केला. रिकाम्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, पूर्णविरामापर्यंत. चाळिशी उलटल्यावर बोलायला शिकत होते म्हणा ना.

शुक्रवारी मोठ्या बाई मागे येऊन बसल्या, मांडीवर छापील तक्ता घेऊन. मी समीकरणं घेतली. एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. मुलं लिहीत होती, बाई खुणा करत होत्या, सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं आणि माझा जीव मात्र गुदमरत होता. वर्ग आहे की नाही हेच कळेना. भिंतीलाच शिकवतेय असं वाटायला लागलं.

शेवटचं गणित फळ्यावर लिहिलं: पाच क्ष वजा तीन कंसात क्ष वजा चार, बरोबर वीस. कंस सोडवला, पायऱ्या केल्या, क्ष बरोबर सोळा. आणि सोळा लिहितानाच मला खटकलं. उत्तर चार यायला हवं होतं. वर बघितलं तर कंस सोडवताना अधिक बाराच्या जागी मी उणे बारा लिहिलेले. आठवीच्या पोराला कान धरून सांगावी अशी चूक.

घंटेला चार मिनिटं होती. डस्टर हातात होतं. मोठ्या बाईंची मान खाली, तक्त्यात. एक हात फिरवला असता तर संपलं असतं. 'पुन्हा एकदा स्वच्छ करून लिहूया,' असं म्हणूनही भागलं असतं. मी वळले, आणि पहिल्या बाकावरच्या चष्म्यातल्या मुलीची वही दिसली. सोळा. खाली पट्टीनं दोन रेघा. तिच्या शेजारच्याचेही सोळा. ही मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार, तिला हे दिसलं नसेल हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

झालं. माझं डोकं फिरलं आणि तोंड सुटलं. "हे उत्तर चूक आहे. मी चुकलेय. कुणाकुणाला दिसलं होतं?"

कुणी हलेना. "हात वर करा," मी म्हणाले, "मी रागावणार नाही." रागावलेलीच होते. हळूहळू अकरा हात वर आले. चष्मेवालीचा सर्वांत आधी.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लिहीत होतात," ती म्हणाली. "मध्ये बोललं असतं तर तुमचा अपमान झाला असता. आज तर मोठ्या बाईही बसल्यात."

"माझा अपमान झाला तर मी बघून घेईन. तू चुकीचं का लिहून घेतलंस?"

मग मी तिलाच खडू दिला. तिनं उणेचा अधिक केला, चार आणले, आणि जागेवर जाऊन बसली. घंटा झाली. मला इतकं हलकं वाटत होतं की तीन महिन्यांत पहिल्यांदा मी खुर्चीवर टेकले.

दुपारी मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. चांगलं माणूस आहे, उगाच खोटं कशाला बोलू. तक्ता माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तास मला आवडला. शेवट तर फारच. पण इथं एक रकाना आहे, विषयज्ञानात चूक झाली का, हो की नाही. तुम्ही स्वतःच भर वर्गात सांगितलंत, मला 'हो' लिहावं लागलं. एक 'हो' आलं की पक्कं करता येत नाही. तीन महिने वाढवून मिळतील, मग पुन्हा तास."

"तीन महिने," मी म्हणाले. यादी पंधरा दिवसांत बंद होत होती.

"मी इतिहासाची," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही बोलला नसतात तर मला ते कळलंही नसतं."

मी थँक यू म्हणून बाहेर आले. जिन्यात उभी राहूनच घरी फोन लावला, कारण खोलीवर जाईपर्यंत दम निघाला नसता. नवऱ्याला सगळं सांगितलं, कंसासकट. तो म्हणाला, "ठीक आहे. वर्ष काय, जातं." त्याचा आवाज ठीक नव्हता. मी म्हणाले, "आईंना लगेच सांगू नकोस." तो बरं म्हणाला.

ठकी शेजारीच होती, तिनं फोन ओढून घेतला. "म्हणजे मी येणार नाही?"

"यंदा नाही, बाळा."

"आणि तू ते पुसलं असतंस तर?"

"तर आली असतीस."

ती रडली नाही. रडली असती तर मला समजूत घालता आली असती, तेवढं येतं मला. ती विचार करत होती, माझ्यासारखाच ओठ चावून, मला न दिसताही दिसत होतं. दुसरीत असताना तिनं पाढ्यातली एक चूक खोडून लपवली होती, तेव्हा मी तिला अख्खा पाढा दहा वेळा लिहायला लावला होता. आता तिनं तो विषय काढला नाही.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी पुसून टाक ना गं."

जिन्यावरून मुलं खाली येत होती. मला बघून सगळी थांबली आणि मला वाट देऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. मी फोन कानाला घट्ट धरला आणि माझ्या पोरीला हो म्हणाले.