जड पायडल

"आज गोळी राहू दे गं. पायांत शिसं ओतल्यासारखं झालंय."

वर्षं लोटली, तरी नवऱ्याचा तो आवाज शिवणाच्या खोलीतून गेला नव्हता. दोरा संपतो, टाका राहतो; माणूस जातं, बोल राहतो. कापड तो बेतायचा, शिवायची ती. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांनी त्याला कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती. पाय दुखतात म्हणून त्यानं ती परस्पर सोडली. दुसरा झटका आला तेव्हा कात्री हातातच राहिली, कापड अर्धं कापलेलं.

आता तशीच गोळी तिला होती. ती एकही चुकवत नसे.

या आठवड्यात मशीनचं पायडल जड झालं. तिनं तेल घातलं. पट्टा सैल केला. पुन्हा तेल घातलं. शेवटी मशीनवाल्या काकांना बोलावलं.

काकांनी पाय ठेवला मात्र, चाक भिरभिरलं. "वहिनी, लोण्यासारखं चालतंय की! राहिलेलं तेल आता स्वतःच्या गुडघ्यांना लावा."

ती हसली. काजं करत बसलेली लेक हसली नाही. दोन्ही हातांनी मांडी उचलून आई पाय पायडलवर ठेवत होती, ते तिनं पाहिलं होतं.

काका गेल्यावर लेकीनं विचारलं, "आई, पाय दुखतात?"

"म्हातारपण दुखतं."

"कधीपासून?"

"काज बघ तुझं. तिरपं जातंय."

लेक उठली. फडताळात नेहमीच्या गोळ्यांशेजारी एक नवं पाकीट होतं.

"हे कसलं?"

"खोकल्याचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिलं."

"त्यांना ही रोजची गोळी दाखवलीस?"

"खोकल्याचा नि काळजाचा काय संबंध?"

लेकीनं दोन्ही पाकिटं हातात घेतली. रोजची गोळी देताना मोठ्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून बजावलं होतं: काही औषधं या गोळीला अंगातून लवकर जाऊ देत नाहीत. ती साचते, स्नायू झिजायला लागतात, लघवी काळपट होते. मग मूत्रपिंडंही धोक्यात येतात.

"बाबा दुखणं निदान तुला तरी सांगायचे," लेक म्हणाली. "डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळी कमी केली असती, बदलून दिली असती. तू तर मलाही सांगत नाहीस."

आई चाकावरून हात फिरवत राहिली.

"सांगितलं की बंद करतील," ती हळूच म्हणाली. "बंद झाली की मीही त्यांच्यासारखी जाईन. मग तुला कोण?"

लेकीनं तिच्या चपला आणून पायांशी ठेवल्या, दोन्ही पाकिटं पिशवीत टाकली. "काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. चल, आत्ताच."

आईनं उठायचा प्रयत्न केला. पाय उचललेच नाहीत. तिनं लेकीचा दंड घट्ट धरला. इतके दिवस ओठांवर घातलेला टाका उसवला.

"दुखतंय गं," ती म्हणाली. "फार दुखतंय. आणि लघवी कालपासून कोऱ्या चहासारखी होतेय."