हलक्या पिस्तुलाचा दणका

मित्रांनो, मी एक जुने, बुटके पिस्तूल आहे आणि फार दमलेले आहे. पोलादी पेटीत, कुलपाआड पडून राहण्याखेरीज मला आता काही काम उरलेले नाही. खरे सांगायचे तर मला ते बरे वाटते. माझ्या जातीची हकिगत मुलांना सांगावी का, असा प्रश्न मोठ्या माणसांना पडेल. पण मी कुणाचा जीव घेतल्याची ही गोष्ट नव्हे. मी ज्या हातात राहिले, त्या हाताची ही गोष्ट आहे.

मला घडवताना कारखान्यातल्या लोकांनी थोरल्या भावंडांपेक्षा माझी नळी आखूड केली, मूठ तोकडी केली आणि अंगातले पोलाद काढून तिथे प्लास्टिक भरले. जो तो माझ्या हलकेपणाचे कौतुक करी. "खिशात टाकलं तर कळतसुद्धा नाही," असे लोक म्हणत, आणि मीही फुगून जाई. जड पिस्तूल आपला दणका आपल्याच अंगात जिरवते. हलक्याला ते जमत नाही, त्याचा सगळा दणका धरणाऱ्याच्या हातात उतरतो. हे मला कुणी सांगितले नव्हते.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका लहान गावच्या दुकानात मला वेन्डेल हाउगेनने पाहिले. तो गुरांचा ट्रक चालवायचा.

"बायकोसाठी हवंय," तो दुकानदाराला म्हणाला. "मी आठवडा आठवडा रस्त्यावर असतो. घर पडलं गावापासून लांब. पोलिसांना फोन केला तर गाडी येईपर्यंत उजाडायचं."

"हात केवढा आहे त्यांचा?"

वेन्डेलने आपला पंजा पुढे धरला. "याच्या निम्मा."

"मग हेच न्या. छोटा हात, छोटं पिस्तूल."

दोघांनाही ते पटले. माझी एक गोळी झाडून बघावी, असे मात्र दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

वेन्डेलची बायको आर्डिस घोड्यांची खोगिरे शिवायची. घरामागच्या खोलीत तिची आरी, चामडे कापायची रापी आणि मेण लावलेला दोरा असे. जाड चामड्याला आरीने भोक पाडायचे आणि दोन्ही बाजूंनी दोरा ताणून घट्ट टाका घालायचा, हे काम तिने वर्षानुवर्षे केले होते. तिचे टाके ज्वारीच्या दाण्यांसारखे एकसारखे पडत. तालुक्याच्या जत्रेत तिच्या खोगिरावर बसायला मिळावे म्हणून लोक वर्षभर थांबत.

वाढदिवसाला वेन्डेलने माझा डबा तिच्यापुढे ठेवला. तिने मला उचलले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "छान आहे."

"आता मी निर्धास्त जाईन," वेन्डेल म्हणाला. "पण सराव कर हं. नुसतं कपाटात ठेवून उपयोग नाही."

गावाबाहेर खडीच्या जुन्या खाणीत नेमबाजीचे मैदान होते. लव्हर्न नावाची एक म्हातारी ते सांभाळायची. तिथे आर्डिसने माझा चाप पहिल्यांदा ओढला आणि मी तिच्या हातात उसळले. माझी मूठ इतकी तोकडी, की तिच्या करंगळीला धरायला जागाच नव्हती. सारा दणका अंगठ्याच्या बेचकीत बसला आणि मनगटातून कोपरापर्यंत गेला. तिने ओठ घट्ट मिटले आणि दुसरी गोळी झाडली. मग तिसरी. आणलेली सगळी काडतुसे संपवूनच ती घरी गेली.

संध्याकाळी वेन्डेलचा फोन आला. "कसं वाटलं?"

"चांगलं आहे," आर्डिस म्हणाली. तिच्या उजव्या हातावर तेव्हा गोठवलेल्या मटारची पिशवी होती.

हात सरावेल, असे तिला वाटत होते. आरीनेही सुरुवातीला फोड आले होते, मग घट्टे पडले आणि दुखणे थांबले. पण माझ्या दणक्याने घट्टे पडत नाहीत, मित्रांनो. तो कातडीखाली जाऊन बसतो. दर शनिवारी ती मला घेऊन खाणीत जायची आणि रविवारी तिला कॉफीचे भांडे डाव्या हाताने उचलावे लागायचे. हळूहळू सोमवारही तसाच जाऊ लागला. टॉर्वल्ड नावाच्या शेजाऱ्याने मुलीला जत्रेसाठी म्हणून सांगितलेले खोगीर अर्धवट पडून राहिले. आर्डिस दोरा ताणायला बसे, अंगठ्यात कळ येई, आणि ती दोरा खाली ठेवून खिडकीबाहेर बघत राही. मी शेजारच्या फळीवरून ते पाहत असे. मला तिथून हलता येत नव्हते.

शेवटी लव्हर्नच्या ते ध्यानात आले. "गोळी सुटायच्या आधीच तुझे डोळे मिटतात, पोरी. म्हणून सगळ्या मातीत जातायत. बघू हात."

आर्डिसने हात मागे घेतला. "काही नाही हो. जरा आखडलाय."

"आखडलाय म्हणे. सुजून पाव झालाय. वेन्डेलला माहितीये?"

"त्याला कशाला सांगायचं? हे घरात आहे म्हणून तो तिकडे निवांत झोपतो. दुखतं म्हटलं तर ट्रक सोडून घरी बसेल. मग खायचं काय, चामडं?"

"तू शिवलंस तर चामड्यावर तरी पोट भरेल. या हाताने तू ते तरी शिवणारेस का?"

आर्डिसने मला पिशवीत घातले आणि ती निघाली.

शरदात वेन्डेल घरी आला तेव्हा ते खोगीर तसेच पडले होते. त्याने टाक्यांवरून बोट फिरवले. वाकडेतिकडे टाके त्याने तिच्या हातचे कधी पाहिले नव्हते.

"चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं तुझा," तो म्हणाला.

"हो, तसंच असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो तिचा नेम पाहायला खाणीत आला. आर्डिसने गोळ्या झाडल्या, त्या धूळ उडवत जमिनीत गेल्या. वेन्डेल हसला. "अगं, सशालासुद्धा भीती वाटायची नाही. दे इकडे, दाखवतो."

त्याच्या त्या भल्यामोठ्या पंजात मी पहिल्यांदाच गेले. पहिल्या गोळीला त्याचे हसू गेले. दुसरीला माझा वरचा सरकता भाग त्याच्या बेचकीला चावला. तिसरी त्याने झाडलीच नाही. मला रिकामे करून त्याने बाकावर ठेवले आणि हाताकडे बघत उभा राहिला. रक्ताची बारीक रेघ मनगटापर्यंत आली होती.

"दर वेळी असंच होतं?"

"हो."

"आणि तू फोनवर चांगलं आहे म्हणत होतीस."

"तुला आवडलं होतं ते."

"मला?" तो बाकावर बसला. "मला वाटलं, लहान आहे, तुला सोपं जाईल. बोलली का नाहीस, आर्डी?"

"तू घरी राहिला असतास."

"राहिलो असतो."

"म्हणूनच नाही बोलले."

मग वेन्डेलने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्याने नुसता अंगठा दाबला, तर ती कळवळली. इतके दिवस दाबून ठेवलेले रडू तिला तेव्हा आले.

डॉक्टरांनी सांगितले, अंगठ्याची शीर सुजली आहे, हिवाळ्यातला बर्फ वितळेपर्यंत आरीला हात लावायचा नाही. टॉर्वल्डने खोगीर दुसरीकडून करून घेतले. त्याचा काही दोष नव्हता, जत्रा थांबत नाही. वसंतात आर्डिस पुन्हा शिवायला बसली, पण दुपारनंतर तिचा अंगठा थकतो. तो पूर्वीसारखा झाला नाही, आणि आता होणारही नाही.

लव्हर्नने तिला आपले एक जुने, जड पिस्तूल वापरायला दिले. त्याच्या मुठीवर करंगळीलाही जागा होती. आर्डिस आता त्याच्या मोजक्याच गोळ्या झाडते आणि हात कुरकुरला की थांबते. वेन्डेल ट्रक चालवतोच. फोनवर ती त्याला हात दुखतो तेव्हा दुखतो म्हणून सांगते. तो त्या दिवशी जरा चिडचिडा असतो, एवढेच.

मला मागायला एकदा गावातला एक माणूस आला होता. "माझ्या बायकोला हवंय," तो म्हणाला. "तिचा हात लहान आहे, तिला बरं पडेल."

वेन्डेलने थोडा विचार केला. "नाही देत."

"का रे? पडूनच तर आहे."

"तुझी बायको बेकरीत पीठ मळते," वेन्डेल म्हणाला. "तिचे हात मी पाहिलेत." आणि त्याने पेटीचे कुलूप लावले.

आणखी एका हाताला दुखवण्यापासून त्याने मला वाचवले; माझ्याविषयी इतक्या मायेने कुणी काही केल्याचे मला दुसरे आठवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली तर तिला हात लावू नका, मोठ्या माणसांना हाक मारा. हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझे मागणे आणखी थोडे आहे. कुणाला काही द्यायचे असेल, तर आधी ते स्वतःच्या हातात धरून पाहा. आणि प्रेमाने मिळालेली वस्तू दुखत असेल, तर पहिल्याच दिवशी तसे सांगा. देणाऱ्याला वाईट वाटेल, पण ते वाटणे दोन दिवसांत ओसरते. बिचारा हात मुका असतो. त्याच्या वतीने तोंडानेच बोलावे लागते.