झडपेला हात लावून

कुत्रीच्या घशात घातलेली नळी मेरिनने पट्टीने बांधली आणि मान वर न करता ती म्हणाली, "थांब, कॉल. सगळ्यांनी थांबायचं."

सगळे म्हणजे दोघंच. कॉलम डेवनी सुरी उचलून तयार उभा होता. टास्मानियाच्या या कोपऱ्यात, बटाट्याच्या शेतांमध्ये आणि मेंढरांमध्ये, जनावरांचा डॉक्टर तो एकटाच. त्याच्या टेबलाच्या डोक्याशी उभी राहून भूल सांभाळणारी नर्स मेरिन टकवेल. तिथे उभी राहून तिचे केस पिकले होते.

"झाली का सुरू तुझी प्रार्थना?" कॉल म्हणाला. "उरक लवकर. बेकरीतले सॉसेज रोल गार होतील."

ही प्रार्थना म्हणजे सुरी लावण्याआधी मोठ्याने विचारायचे प्रश्न. ती सवय तिने अभ्यासक्रमातून आणली होती. नर्सचा परवाना तिला कधीच मिळाला होता, त्याच्या वरचा, भूल देण्याचा हा अर्धवेळ अभ्यासक्रम तिने पन्नाशीच्या तोंडावर धरला, तेव्हा तिची सख्खी बहीणच म्हणाली होती, "या वयात शिकून काय दिवे लावणार आहेस?" दोन वर्षं दर बुधवारी अर्धी रजा घेऊन मेरिन पुस्तकांना चिकटून राहिली. आज शेवटचं प्रात्यक्षिक होतं. पास झाली तर पदविका, नाहीतर पुन्हा वर्षभर थांबणं. भिंतीवरच्या पडद्यातून, मेलबर्नहून, परीक्षक रोझालिंड प्यू बघत होत्या.

"जनावर?" मेरिनने विचारलं.

"हॉजच्या मेंढ्या राखणारी केल्पी. टिली."

"काम?"

"हावरट बाईने कणीस गिळलंय, ते काढायचं." कॉलने मोठ्ठा सुस्कारा सोडला. "झालं?"

"झडप?" मेरिनने स्वतःलाच विचारलं आणि त्या सुस्काऱ्यासरशी स्वतःच सांगूनही टाकलं, "उघडी. कर सुरू."

भुलीच्या यंत्राला कुठे गळती आहे का हे बघायला सकाळी ती झडप बंद करतात, आणि मग उघडतात. उघडायची राहिली की जनावराने सोडलेल्या श्वासाला बाहेर जायला वाट उरत नाही. हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

कॉलने पोट उघडलं. टिलीच्या मांडीवर ठेवलेल्या मेरिनच्या बोटांना नाडी मंद लागली. तिने वर पाहिलं. श्वासाची रबरी पिशवी टम्म फुगली होती.

तिचा हात झडपेवर गेला. एक पीळ, आणि कोंडलेली हवा फुसकन बाहेर पडली. पिशवी बसली. थोड्या वेळाने नाडीही सावरली.

पिशवी आणि झडप परीक्षकांना पडद्यावरून दिसत नव्हती. कॉलने मात्र पाहिलं होतं. तो तिच्याकडे झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "सावरलं ना? मग गप बस, मेर."

मेरिनला ते सगळे बुधवार आठवले, बहिणीचं बोलणंही आठवलं. गप बसणं किती सोपं होतं! तिने टिलीच्या डोळ्याची पापणी हलकेच तपासली, मग पडद्याकडे तोंड केलं.

"झडप बंद राहिली होती. उघडी आहे असं मी न बघताच म्हणाले. आता उघडली आहे. नाडी ठीक आहे."

कॉलने कपाळाला आठ्या घातल्या आणि तो कणसाच्या मागे लागला.

टिली शुद्धीवर आली, तिने शेपटी आपटली. मग रोझालिंडबाई बोलल्या. "चूक तुम्ही स्वतः सांगितलीत, ती सुधारलीतही. तसं मी लिहीन. पण आज पास करता येणार नाही, मेरिन."

"समजलं," मेरिन म्हणाली. "पुढच्या वर्षीसाठी नाव आत्ताच घालता येईल का?"

पडदा बंद झाल्यावर कॉल भडकला. "हरिश्चंद्राची मावशी! कोण बघत होतं?"

"टिली," ती म्हणाली आणि अवजारं धुवायला लागली. सॉसेज रोल कुणीच खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक मांजर होतं, रोजचंच काम. परीक्षा नव्हती, पडदा काळा होता. मेरिनने नळी बांधली, पिशवी पाहिली आणि कॉलकडे बघून मान हलवली.

कॉल हातमोजे घातलेले हात छातीशी धरून तसाच उभा राहिला. सुरी ट्रेमध्येच होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"प्रार्थना राहिली की."

त्याने नजर मांजरावरून हलवली नाही.

"विचार ना," तो म्हणाला. "आणि झडपेला हात लावून सांग. मला घाई नाही."