मिनिटभर मागे

महादेवरावांनी गेमच्या कंट्रोलरचं बटण दाबलं आणि टीव्हीवर नाशिकची कबड्डीची मॅट उगवली. टीव्ही जुना, त्याला नेटचं वावडं. म्हणून नूपुरने सीताबर्डीच्या बाजारातून नेट चालणारा एक वापरलेला गेमचा डबा आणून जोडून दिला होता. "गेम नका खेळू बाबा, मले पाहा," असं बजावलंही होतं. तेव्हापासून हुडकेश्वरच्या त्या घरात डब्यावर एकही गेम लागला नाही. लागायची ती कबड्डी, आणि तीही लेकीचीच.

सुभद्रा स्वयंपाकघरात होती. लेकीची मॅच पाहायची तिची छाती नव्हती. ती फोन कानाशी धरून काम करायची आणि नूपुरची मैत्रीण रीना प्रेक्षकांत बसून तिला सगळं सांगायची. डब्यावरची 'लाइव्ह' मॅच चांगली मिनिटभर मागे चाले. त्यामुळे पॉइंट आधी सुभद्राला कळे, मग टीव्हीला. सुरुवातीला ती आतूनच ओरडायची, "दोन आणले पोरीनं!" महादेवराव उखडायचे.

"सांगू नको वं! सगळी मजा घालवून राहिली तू."

मग ती गप्प राहायला शिकली.

आजच्या सामन्यावर राज्याच्या संघातली निवड ठरणार होती. नूपुरच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सातच महिने झाले होते. डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितलं होतं. पुन्हा गेला तर खेळ विसरा, म्हणाले होते. सुभद्रा नको नको म्हणत राहिली. पोरगीही कचरत होती. पंधरा दिवसांपूर्वी महादेवरावांनीच तिला समोर बसवून समजावलं, "एवढी एक मॅच खेळ बेटा, मंग आराम कर." बापाचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

तव्यावर तिसरी पोळी होती तेव्हा फोनमध्ये मोठा गलका झाला आणि एकदम थांबला.

"काकू," रीना रडत होती. "नूपुर पडली. तोच गुडघा. उठून नाही राहिली काकू... स्ट्रेचर आणून राहिले."

सुभद्राने गॅस बंद केला. 'मी म्हणत नव्हती?' हे शब्द पंधरा दिवसांपासून तिच्या जिभेवर तयार होते. ते घेऊनच ती बाहेर आली.

कूलरच्या घरघरीत महादेवराव पलंगाच्या अगदी कडेला सरकून बसले होते. पडद्यावर नूपुर मध्यरेषेपाशी उभी होती. धडधाकट. तिने मॅटला हात लावून कपाळाला लावला.

"अवं, आज बाहेर आली तू? बस, बस. नूपुरच निघाली चढाईले. एक पॉइंट आणला की जिंकलो आपण."

ती बसली. कंट्रोलर दोघांच्या मधे पडला होता. मॅच थांबवायचं बटण नूपुरने तिलाही दाखवून ठेवलं होतं. तिचं बोट त्याच्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. थांबवून काय होणार होतं? नाशिकला होऊन गेलं होतं. या घरात व्हायचं होतं, एवढंच. मिनिटभर मागे चालणारा हा डबा पंधरा दिवस मागे का जात नाही, असं वाटून तिला रडू फुटायला आलं.

महादेवरावांचं लक्ष तिच्या हातातल्या फोनकडे गेलं.

"काय म्हणते रीना? नाही, नाही, सांगू नको. पाहू दे मले."

"नाही सांगत," सुभद्रा म्हणाली.

तिने फोन पालथा ठेवला आणि भर दुपारी, दार सताड उघडं असताना, नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. ते जरा बावरले, पण नजर काही पडद्यावरून हटली नाही. नूपुरने मांडीवर थाप मारली आणि रेषा ओलांडली.

"पाह्य, कशी मोकळी पळून राहिली," महादेवराव म्हणाले. "गुडघ्याचं काहीच नाही तिले. तू उगाच भेत होती."