वांगं पुलावर थांबलं

नीलेशच्या सिनेमात वांगं पाच माणसं मारत होतं. मूळ गोष्टीत ते कोणालाच मारत नव्हतं. बाजाराच्या गाडीतून धाम नदीच्या पुलावर पडलेलं एक इवलंसं वांगं वाट विचारत विचारत आपल्या झाडाकडे परत जातं, एवढीच ती गोष्ट. नीलेशच्या आईनं, यशोदाबाईंनी, ती पवनारच्या दोन पिढ्यांना सांगितली होती. नीलेशनं त्या वांग्याला दात बसवले आणि हातात विळा दिला.

नागपूरचे भैय्याजी आपल्या ॲपवर भुताचे सिनेमे दाखवत. त्यांची अट सरळ होती. सहा प्रेक्षकांच्या नाडीची सरासरी सलग दहा मिनिटं शंभरच्या वर राहिली, तर सिनेमा घेतो, नाहीतर नाही. नीलेशची दोन वर्षं त्यात गेली होती. नाड्या मोजायचं काम त्यानं चुलत बहिणीला, सपनाला दिलं. ती बीएस्सी होती आणि आकड्यांच्या बाबतीत भावालाही सूट देणारी नव्हती.

भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. सपनानं सहा शेजाऱ्यांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावले. भैय्याजी स्वतः घड्याळ घेऊन मागे बसले. सिनेमाला आवाज अजून चढवला नव्हता, म्हणून निवेदन यशोदाबाई समोर बसून करणार होत्या. नीलेशनं लिहून दिलेलं वाचायला त्यांची ना नव्हती, फक्त चष्मा आणला नव्हता. त्यांनी आपली नेहमीचीच गोष्ट सुरू केली.

"वांग्यानं पुलाखाली पाह्यलं."

"हूं," सहाही जण म्हणाले.

पडद्यावर वांग्यानं एका हवालदाराचं मुंडकं उडवलं. सरासरी बहात्तर. पाच मिनिटांनी चौसष्ट. सहांपैकी प्रेमदासकाका तर घोरू लागले.

"काका, हूं काऊन म्हणून राह्यले तुम्ही? भूत हाय ते!" नीलेश ओरडला.

"गोष्ट हाय न बाबू," काका दचकून जागे झाले. "हूं नाई म्हटलं त वहिनी थांबते."

"थांबू द्या! आता कोणी हूं म्हणायचं नाई."

"मंग वांगं पुलावर एकटंच राह्यलं," यशोदाबाई म्हणाल्या.

सहाही जणांनी हूं गिळला. हूं आला नाही की ऐकणारा झोपला समजायचं आणि गोष्ट तिथंच ठेवायची, ही त्यांची रीत. त्या मेथी निवडायला लागल्या.

पडद्यावर खून चालूच होते, पण तिकडे कोणी पाहत नव्हतं. सगळे यशोदाबाईंच्या तोंडाकडे बघत होते. सपनानं लिहिलं: एक्क्याऐंशी, शहाण्णव, एकशे चार. शेजारची रंजिता रुमाल चावत होती. शेवट तिला पाठ होता, रोज रात्री ती स्वतःच्या लेकरांना तोच सांगायची.

"गजब!" घड्याळ धरून भैय्याजी म्हणाले. "चलने दो."

शंभरच्या वर आठ मिनिटं झाली तेव्हा सरासरी एकशे अठरा होती. भीती पडद्यावर नसून मेथीच्या जुडीत आहे, हे सपनाला कळलं, पण अटीत तसं काही नव्हतं. तिनं नीलेशकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून आईकडे एकटक पाहत होता.

"दोनच मिनिटं, दादा."

"ते पुलावरच हाय न, सपना?"

"हो. बोलू नको."

"ट्रक येतेत तिथून."

आठ मिनिटं चाळीस सेकंद.

"हूं," नीलेश म्हणाला.

यशोदाबाईंनी मेथी खाली ठेवली. "मंग तिकून एक बैल आला."

"हूं!" सहाही जण एकदम म्हणाले आणि आकडे भराभर उतरले. सपनानं शहाऐंशी लिहिलं आणि खाली रेघ मारली. नीलेशनं वहीकडे पाहिलंही नाही. तो आईजवळ सतरंजीवर येऊन बसला होता.

भैय्याजींनी बॅग उचलली, चपला घातल्या आणि दारात थबकले.

"बैल क्या बोला?"

"बसून ऐका," यशोदाबाई म्हणाल्या. "अन् हूं म्हणत जाजा."