माझ्यावरच्या दोघी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. पॉप्लर नावाच्या झाडाची. लुक्का गावाबाहेर, नदीकाठी ही झाडं रांगेनं उभी असतात. त्यांना खाण्याजोगं फळ येत नाही, त्यांचं जळणही धड होत नाही. म्हणून त्यांच्यावर चित्रं काढतात.

माझ्यावर एक बाई आहे. खाली पितळी पट्टीवर लिहिलं आहे, 'अनोळखी स्त्री'. अनोळखी तुम्हाला. मी तिला चांगली ओळखते. तिच्याखाली जी दुसरी आहे, तिलाही ओळखते. तुम्ही शाळेच्या सहलीला येता, माझ्यासमोर उभे राहून डबा कधी खायचा ते बाईंना विचारता आणि पुढच्या दालनात जाता. आज जरा थांबा. डबा कुठं पळून जात नाही.

सुतारानं मला कापलं, सुकवलं आणि मायस्त्रो वेंतुरा या चित्रकाराच्या दुकानी पोचवलं. त्यानं माझ्यावर सरस आणि पांढऱ्या मातीचे थर चढवले, घासले, पुन्हा चढवले. शेवटी मी हाडासारखी गुळगुळीत झाले. दुखलं का, असं विचाराल तर नाही. मला काही वाटत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही वाट बघत बसायला नको.

मला घेतलं बेरकाल्दी घराण्यानं. रेशमाचे व्यापारी. त्यांच्या मुलाचं, नान्नीचं, दियानोराशी लग्न झालं होतं आणि नव्या सुनेचं चित्र करून घ्यायची त्यांच्यात रीत होती. सासूबाई, मोन्ना आन्योला, स्वतः खुर्ची टाकून बसल्या. काय काय दिसलं पाहिजे ते त्यांनी सांगितलं. लाल मखमलीचा झगा, बाहीवरची जर, खांद्यावरचा मोती, आणि मागं निळा रंग, तोही समुद्रापलीकडून येणाऱ्या दगडाचा, दुसरा चालणार नाही. झगा आणि मोती घराचे होते. सुनेला अंगावर घालायला दिलेले, सुनेचे नव्हेत. चेहऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. वेंतुरानं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "चेहरा आहेच की तिला."

त्या काळी असं चित्र म्हणजे घराची पाटी असायची. आमच्याकडे काय काय आहे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं. बाईला एका बाजूनं काढायचं, नाण्यावर राजा असतो तशी. म्हणजे ती कुणाकडे बघत नाही आणि सगळ्यांना तिच्याकडे बघता येतं.

वेंतुरा मात्र चेहऱ्यासाठी रंग कालवायला बसला की जेवायचं विसरे. आधी त्यानं हिरवी माती लावली, त्यामुळे दियानोरा काही दिवस आजारी दिसत होती. मग त्या हिरव्यावर बारीक बारीक रेघांनी गुलाबी रंग. रंग अंड्याच्या बलकात कालवलेला. तरुण चेहऱ्याला शहरातल्या कोंबडीचं अंडं, कारण त्याचा बलक फिका असतो. खेड्यातल्या कोंबडीची अंडी म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांसाठी राखून ठेवत. दियानोरानं एकच मागणं केलं. कान जरा केसांनी झाकाल का, म्हणाली. तो मोठा होता. तिचा भाऊ त्याला सूप म्हणायचा. वेंतुरा म्हणाला, लग्न झालेल्या बाईचे केस वर बांधतात, कान उघडा पडतो, त्यात माझा काय दोष? आणि त्यानं तो कान जसा होता तसा काढला. सगळ्या चित्रात तेवढीच एक गोष्ट तिच्या स्वतःच्या मालकीची होती.

वर्षाच्या आत दियानोरा बाळंतपणात गेली. बाळही गेलं. झगा धुऊन ठेवला, मोती डबीत ठेवला. मी जेवणाच्या खोलीत होते, तिथंच राहिले. नान्नी रोज माझ्यासमोर बसून गव्हाचं कढण पीत असे. कढण संपलं की उठत असे. त्याला काय वाटत होतं मला माहीत नाही. बहुधा माझ्याइतकंच.

मग दुसरी सून आली, नेंचा. मोन्ना आन्योलांनी वेंतुराला बोलावून घेतलं. झगा तोच, मोती तोच, निळा तोच, म्हणाल्या. एवढा महाग निळा काय फेकून द्यायचा? चेहरा तेवढा खरवडून टाका आणि हिचा काढा.

वेंतुरा सुरी घेऊन आला. सासूबाई स्वयंपाकघरात कुणाला तरी झापायला गेल्या होत्या. नेंचा कमरेत उसवून सैल केलेला तो लाल झगा घालून बसली होती. तिनं मला तेव्हाच पहिल्यांदा जवळून बघितलं.

"ही आधीची?" तिनं विचारलं.

"हो."

"हिचं आता काय करणार?"

"खरवडणार, बाई. खालचं निघाल्याशिवाय वरचं धरत नाही."

नेंचा बराच वेळ त्या कानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खरवडू नका. वरूनच काढा."

"टिकणार नाही हो. फार तर पन्नास वर्षं."

"माझ्यानंतर जी येईल, तिच्या वेळीही असंच करा," नेंचा म्हणाली. मीठ जरा बेतानं घाला, असं सांगावं तितक्या सहज.

वेंतुरानं सुरी पुसून पिशवीत घातली. त्यानं दियानोराच्या चेहऱ्यावर वार्निशचा एक जाड हात फिरवला, ते वाळू दिलं आणि त्यावर अक्रोडाच्या तेलातल्या रंगानं नेंचाला काढलं. नेंचाचा कान लहान. जुना कान झाकला जाईना, म्हणून त्यानं तिथं ओढणी ओढली. सासूबाई बघायला आल्या आणि खूश झाल्या. मोती अगदी हुबेहूब आलाय, म्हणाल्या. मोत्याला त्यानं हातही लावला नव्हता. नान्नीनं बघितलं, "बरं आहे" म्हणाला आणि त्या दिवसापासून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून बसू लागला.

नेंचानंतर कुणी आलं नाही. तिनं सासूला पोचवलं, नवऱ्याला पोचवलं आणि निवांत म्हातारी झाली. मला ती नोकरांना पुसू देत नसे. कोरडं फडकं घेऊन स्वतः पुसायची, आणि दर वेळी दोनदा पुसायची. नोकरांना वाटे, बाई फार काटेकोर आहेत.

ती गेली आणि घराच्या वाटण्या झाल्या. पुढे कितीतरी वर्षं मी चेस्टनटच्या पिठाच्या पेटीचं झाकण होते. चित्राची बाजू आत. मला भोकं पडली. किड्यांनी निळ्या रंगाला तोंड लावलं नाही. तोही त्यांना महाग वाटला असावा.

शेवटी या संग्रहालयात आले. इथं माझा एक्स-रे काढला आणि खालची दिसली. संचालक बेल्लुची यांना फार आनंद झाला. ते म्हणाले, खालची मूळची, म्हणजे खरी तीच. वरची काढून टाका. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या ऑर्नेलाबाईंनाही ते पटलं. त्यांनी कापूस आणि बारीक सुरी घेतली आणि ओढणीपाशी नखाएवढी जागा उघडली. कान दिसला. थोडा हिरवट, आणि मोठाच.

तिथं त्या थांबल्या आणि त्यांनी संचालकांना बोलावलं.

"का, निघत नाही?" बेल्लुचींनी विचारलं.

"छान निघतंय, साहेब. पण मध्ये वार्निश आहे. ज्याला पुसायचं असतं तो आधी खरवडतो. इथं कुणीतरी आधी पांघरूण घातलंय."

"मग वरची अलगद उचलून दुसऱ्या फळीवर नाही ठेवता येणार?"

ऑर्नेलाबाईंनी हातातला कापूस पुढं केला. त्यावर तपकिरी डाग होता. "वरची अशी निघते," त्या म्हणाल्या. "ही तिची ओढणी."

बेल्लुची त्या कापसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, जेवायची वेळ झाली. तो विषय समितीकडे गेला आणि समिती बहुतेक अजून जेवते आहे.

म्हणून, मित्रांनो, माझ्यावर आज नेंचाचा चेहरा आहे आणि दियानोराचा कान आहे. परवा तुमच्यातली एक मुलगी म्हणाली, हा कान हिचा नाही. तिला रांगेत पुढं ढकललं गेलं. ती बरोबर बोलत होती.

मला काही वाटत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं. तरीही एक मागणं आहे. कधी तरी तुमच्या हाती जुन्या वस्तू येतील. खाली काय आहे ते बघायचा मोह होईल. तेव्हा सुरी पिशवीत घाला. कोरडं फडकं घ्या, आणि दोनदा पुसा.