जुनी पट्टी

घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या सिस्टर बोलायला लागल्या की समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काम उरत नसे. त्यांनी एकदा समजावलं की पुन्हा विचारायची कोणाची छाती होत नसे, आणि याचा त्यांना, खोटं कशाला बोला, अभिमानच होता.

कंबरदुखीने बेजार मास्तरांच्या घरी औषधाच्या पट्ट्या कशा लावायच्या ते त्यांनी असंच समजावलं. बारा दिवसांनी त्या पुन्हा गेल्या, तर मास्तर गाढ झोपलेले. हाका मारल्या, खांदा हलवला, छे. श्वास अगदी सावकाश चाललेला. अँब्युलन्स बोलावून त्यांनी मास्तरांना कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला. पाठीवर अफूसारख्या जबर औषधाच्या चार पट्ट्या, एका वेळी लावायची एकच. एकेक पट्टी तीन दिवस कातडीतून औषध सोडते, आणि त्यानंतरही तिच्यात बरंच उरतं. सिस्टरांनी चारही ओढून काढल्या.

हॉस्पिटलात उताऱ्याचं इंजेक्शन मिळालं आणि मास्तर डोळे उघडून कुरकुरायला लागले. बाहेर बाकावर थोरली लेक रडून अर्धी झाली होती, आणि धाकटी तिला फाडून खात होती. "एवढी शिकलेली तू, जुनी पट्टी काढायची हे कळलं नाही?"

"सिस्टर म्हणाल्या, दर वेळी जागा बदला. मी बदलली," थोरली पुटपुटली.

सिस्टरांना तो दिवस लख्ख आठवला. जागा बदला, तारीख लिहा, वर शेक देऊ नका. जुनी काढा, हे सांगितलंच नव्हतं. ते काय, कोणालाही कळतं, असं वाटलं होतं. डॉक्टरांनी तर 'घरच्यांची चूक' असं लिहूनही टाकलं होतं. गप्प बसल्या असत्या तर वीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं, आणि थोरली जन्मभर स्वतःला खात बसली असती.

"चूक माझी आहे," सिस्टर म्हणाल्या. "काढायला मी सांगितलंच नाही. तसं लिहून देते."

थोरलीने डोळे पुसले. "उद्यापासून आमच्याकडे येऊ नका."

सिस्टरांना लाज वाटली आणि हलकंही वाटलं. पण जिन्यावर त्या थबकल्या आणि त्यांनी फोन काढला. हेच सगळं त्यांनी आणखी दोन घरांत, याच शब्दांत सांगितलं होतं.

पहिल्या फोनवर सगळं ठीक निघालं. दुसरा एका आजीबाईंच्या सुनेने उचलला.

"झोपल्यात हो. हल्ली छान झोप लागते त्यांना."

"त्यांची पाठ बघा. पट्ट्या किती आहेत?"

पावलं वाजली, पांघरूण सरकलं.

"तीन. चौथी आत्ता लावणारच होते."